हिरोशिगेचं ‘मिशिमा – सकाळचं धुकं’: यात बघायचं काय?

ओलीवाट

मंडळी, एक चित्र आठ महिन्यांपासून माझ्या हॉलमध्ये आहे आणि त्याबद्दलचा एक प्रश्न दोन दिवसांपासून डोक्यात आहे.

मैत्रीण टोकियोहून कायमची परत आली तेव्हा तिनं मला हिरोशिगे या जपानी चित्रकाराचा एक छापा, म्हणजे छापील चित्र, आणला. ‘तोकाइदोचे त्रेपन्न मुक्काम’ या मालिकेतला, मिशिमा गावचा. मूळ मालिका १८३३-३४ ची. माझ्याकडची प्रत अर्थातच तेव्हाची नाही. जुन्या पद्धतीनंच नव्यानं लाकडी ठसे कोरून हातानं छापलेली आहे. रुंदीला ३७-३८ सेंटिमीटर, उंचीला २५. म्हणजे फार मोठी नाहीच.

ज्यांनी पाहिलं नसेल त्यांच्यासाठी: पहाट आहे, दाट धुकं आहे. मधोमध एक डोली चालली आहे. दोन भोई आणि आत अंग चोरून बसलेला प्रवासी. शेजारी घोडा, त्यावर मोठी टोपी घालून मान खाली घातलेला माणूस, आणि घोड्याला धरून चालणारा गडी. रेघ आणि रंग आहेत ते एवढ्यांनाच. बाकी देवळासमोरची कमान (तिला तोरिई म्हणतात), घरं, झाडं, आणखी काही वाटसरू हे सगळं नुसत्या राखाडी-निळसर सावल्यांत.

माझे सासरे, अण्णा, परवा गावाहून आले. चाळीस वर्षं त्यांनी घड्याळं दुरुस्त केली. कुठलीही वस्तू ते नीट बघितल्याशिवाय बोलत नाहीत. चहा निवेपर्यंत चित्रासमोर उभे राहिले आणि म्हणाले, “छान आहे गं. पण यात बघायचं काय? दिसत तर काहीच नाही.”

टोमणा नव्हता तो, त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. मला रोज हे चित्र बघून शांत वाटतं, पण का ते सांगता येईना. ‘वातावरण’ वगैरे शब्द तोंडावर आले ते मलाच पोकळ वाटले. म्हणून इथं विचारते. तुम्ही हे चित्र कसं बघता? आधी कुठं नजर जाते?

---

चिमणचारा

माझी सहा वर्षांची लेक आत्ता मांडीवर बसून बघत होती. “आई, मागची माणसं अजून लोड व्हायचीयेत का?”
तिची नजर आधी मागेच गेली, एवढं नक्की!

---

रात्रपाळी

चिमणचारा, लेकीला माझ्याकडून शाबासकी. तिनं नेमकं पकडलंय.

मी आधी डोलीतल्या माणसाकडे बघतो. तो झोपलाय की नुसता गारठलाय कळत नाही, पण ते बसणं माझ्या ओळखीचं आहे. वीस वर्षं कारखान्याच्या बसनं पहाटे साडेचारला निघतोय मी. हात काखेत, हनुवटी छातीला, डोळे मिटलेले पण झोप नाही. गाडीत कुणी कुणाशी बोलत नाही. पहिला माणूस बोलतो तो उजाडल्यावर. या चित्रात कुणी बोलत असेल असं मला वाटत नाही. घोड्याच्या टापा आणि भोयांच्या गवती चपलांचा आवाज, तेवढाच.

अण्णांना सांगा, आधी माणसं बघा. धुकं नंतर येईल.

---

निळावंती

रात्रपाळी, फार छान लिहिलंत. त्याला थोडी माहिती जोडते.

तोकाइदो हा एदो (आजचं टोकियो) ते क्योतो असा सुमारे ५०० किलोमीटरचा राजरस्ता. पायी साधारण दोन आठवडे लागत. दिवसाउजेडी मुक्काम गाठायचा म्हणून लोक पहाटे चारच्या सुमारास निघत. त्याला तिकडे ‘सातच्या ठोक्याला निघणं’ म्हणत, कारण जुन्या जपानी कालगणनेत ती वेळ सात आकड्याची होती. मिशिमा हा अकरावा मुक्काम, हाकोने घाटाच्या पश्चिम पायथ्याला. ओदावाराहून चढून हाकोनेला जायचं आणि उतरून मिशिमाला यायचं, असे मिळून ३२ किलोमीटरच्या आसपास. अख्ख्या रस्त्यातला सगळ्यात बिकट टप्पा. शिवाय वर हाकोनेला सरकारी चौकी, तिथं परवाने तपासायचे. म्हणजे घाट चढायचा असो की नुकताच उतरलेला असो, मिशिमाला रात्र काढणं आलंच.

त्यामुळे ही निवांत पहाट नव्हे. पुढ्यात दिवसभराची चाल आहे.

---

ठसेकार

धागा बघून राहवलं नाही. मी मुद्राचित्रण शिकलोय, आजही लाकडी ठशांवर काम करतो. ओलीवाट, तुमच्या अण्णांचा प्रश्न मला फार आवडला, कारण ‘दिसत काहीच नाही’ हे करून दाखवणं या तंत्रात सर्वांत अवघड.

हे चित्र कसं बनलं ते आधी सांगतो. चित्रकार पातळ कागदावर रेघांचं चित्र काढून देतो. कोरणारा तो कागद पालथा करून रानचेरीच्या फळीवर चिकटवतो आणि कागदासकट कोरतो. म्हणजे मूळ चित्र तिथंच संपलं. ‘ओरिजिनल’ म्हणून भिंतीला लावायला काही उरतच नाही. उरतात ते ठसे आणि छापे. रेघांचा एक मुख्य ठसा, मग प्रत्येक रंगाला वेगळा ठसा. कागद कोझोच्या (तुतीच्या जातीच्या झाडाच्या) सालीचा, तो दमट करून घ्यायचा. रंग पाण्यातले, त्यात तांदळाची खळ. प्रेस नाहीच. कागद ठशावर ठेवून पाठीमागून ‘बारेन’ नावाच्या, बांबूच्या पातीत गुंडाळलेल्या चपट्या गोल गादीनं दाबत घासायचं.

आता धुकं. त्याचा वेगळा ठसा नाही! युक्त्या दोन.

पहिली: मागच्या सावल्यांना रेघच दिलेली नाही. डोली, घोडा, माणसं मुख्य ठशाच्या काळ्या रेघेत बांधलेली आहेत. तोरिई आणि झाडं नुसत्या रंगाच्या ठशानं छापलेली. चित्राचा हाडांचा सांगाडा काढून घेतला तर जे उरेल ते.

दुसरी: ‘बोकाशी’. ठशावर ओलं फडकं फिरवायचं, ब्रशच्या एका टोकाला रंग, दुसऱ्या टोकाला नुसतं पाणी, आणि एकाच हातात आडवा ओढायचा. रंग एका बाजूला गडद आणि दुसरीकडे विरत विरत नाहीसा. लाकडावर हे कोरलेलं नसतं. दर प्रतीला, दर वेळी, छापणारा ते हातानं नव्यानं करतो. पाणी जरा जास्त झालं की डाग पसरतो, कमी झालं की कड उमटते. तेव्हाचा एक घाणा २०० प्रतींचा धरत. दोनशे वेळा तेच धुकं.

मी पहिल्यांदा बोकाशी करून बघितली तेव्हा चाळीस कागद वाया घालवले आणि एक बरा आला. तोही कडेला फाटल्यासारखा.

म्हणून मी आधी बघतो ते कडा. अण्णांना म्हणावं, रंग कुठं संपतो ती जागा शोधा.

---

अक्षयवट

ठसेकार, माहिती उत्तम, पण एक शंका. धुकं जर छापणाऱ्यानं पुसलं आणि कडा कोरणाऱ्यानं तासल्या, तर हिरोशिगेचं काय? आपण ‘हिरोशिगेचं धुकं’ का म्हणतो? छापणाऱ्याचं नाव कागदावर असतं का?

---

ठसेकार

बहुधा नसतंच. चित्रकाराची सही असते, प्रकाशकाचा शिक्का असतो. या मालिकेचा प्रकाशक होएइदो, म्हणजे ताकेनोउची मागोहाची. म्हणून हिला ‘होएइदो आवृत्ती’ म्हणतात, कारण हिरोशिगेनं तोकाइदोवर पुढं आणखीही मालिका केल्या. छापणारे कारागीर बिननावाचे राहिले याचं मला मनापासून वाईट वाटतं.

पण तुमच्या प्रश्नाचं उत्तर: कुठं रेघ द्यायची नाही, हे ठरवणारा हिरोशिगे. ते ठरवणं हेच चित्र.

---

अक्षयवट

इथं थोडा असहमत. ठरवणं एकाचं आणि हात दुसऱ्याचा असेल तर श्रेयही वाटलं गेलं पाहिजे. संगीतात आपण चाल बांधणारा आणि गाणारा दोघांनाही मानतो. जुन्या ठशांवरच्या उशिराच्या प्रती बघा. ठसा तोच, चित्रकार तोच. पण घाई झाली, बोकाशी कमी केली, आणि आभाळ पत्र्यासारखं सपाट. मग चांगल्या प्रतीत जे जास्तीचं आहे ते कुणाचं?

---

सोनचाफा

अक्षयवट यांना अनुमोदन. माझ्या आजीचं उदाहरण देते. ती रांगोळी काढायची तेव्हा ठिपके आत्या मांडायची, रेघा आजी ओढायची. आजीच्या रेघेत जो ओघ होता तो ठिपक्यात नव्हता. आणि ठिपके चुकले असते तर आजीलाही काही करता आलं नसतं.

---

भुईनळा

मला एक कळत नाही. एवढी मेहनत म्हणजे हे चित्र तेव्हा राजेरजवाडेच घेत असणार ना?

---

निळावंती

नाही हो, तीच तर गंमत आहे! सोबा म्हणजे शेवयांचा एक वाडगा जेवढ्याला मिळे साधारण त्याच पट्टीतली किंमत. दुकानदार, कारागीर, प्रवासी घेत. दाराला, फडताळाला चिकटवत. गावी नेण्याची भेट म्हणून नेत. म्हणून तर घाण्यामागून घाणे निघत.

---

जुनापेठकर

निळावंतीताई, हे वाचून आमच्या वाड्यातल्या राजा रविवर्म्याच्या तसबिरी आठवल्या. त्याही छापीलच. रविवर्म्याचा छापखाना १८९४ ला घाटकोपरला निघाला, पुढं मळवलीला गेला. तिकडे लाकडाऐवजी दगड, बाकी हिशेब तोच. एकेका रंगाला एकेक दगड आणि कागद प्रत्येकावरून जायचा. आमच्या देवघरातल्या सरस्वतीच्या साडीचा रंग काठाबाहेर चांगला सुताएवढा सरकलेला होता. लहानपणी मला वाटायचं की साडी वाऱ्यानं हलतेय.

जपान्यांचे रंग एवढे नेमके कसे बसत?

---

ठसेकार

ठशाच्या कोपऱ्यात आणि कडेला दोन खाचा कोरतात, ‘केन्तो’ म्हणतात. प्रत्येक ठशावर त्याच जागी. कागदाचा कोपरा एका खाचेत, कड दुसऱ्या खाचेत. बस्स. पण कागद दमट असतो, तो फुगतो-आटतो, म्हणून छापताना सगळे कागद सारख्याच ओलाव्यात ठेवावे लागतात. सुताएवढा सरकला तर साडी हलते. तुम्ही बरोबर बघितलंत.

---

कोकणकडा

सगळ्यांचा आदर राखून वेगळं मत मांडतो. मी डोंगरात वाढलो. पावसाळ्यात आमच्या घाटात धुकं एवढं येतं की बैलगाडीचा पुढचा बैल दिसत नाही. खरं धुकं थांबत नाही. सरकतं, अंगाला ओलं लागतं, वास येतो त्याला. या चित्रातलं धुकं मला स्थिर वाटतं, मांडून ठेवल्यासारखं. पडदे लावावेत तशा सावल्या एकामागे एक. सुंदर आहे, नाही म्हणत नाही. पण मला त्यात ओलं वाटत नाही.

---

रात्रपाळी

कोकणकडा, तुमचं घाटातलं धुकं म्हणजे खाली आलेला ढग, वाऱ्यावरचा. पहाटेचं पायथ्याचं धुकं वेगळं असतं. वारा पडलेला, जमीन थंड, धुकं बसून राहतं. आमची बस पुलावर येते तेव्हा खाली नदीवर अगदी असंच असतं, मांडून ठेवल्यासारखं. जवळची दोन झाडं झाडं असतात, पुढची नुसती रंग असतात.

---

कोकणकडा

हे पटलं. बसलेलं धुकं म्हणून पुन्हा बघतो.

---

फुजीचासावली

नमस्कार, मी शिझुओका प्रांतातच राहतो, नोकरीनिमित्त बारा वर्षं झाली. मिशिमा माझ्याकडून रेल्वेनं जवळ, त्यामुळे हा धागा बघून उठलोच.

तोरिई आजही आहे. मिशिमा ताइशा हे देवस्थान जुनं, आणि जुना तोकाइदो तिच्या समोरूनच जातो. आता तिथं डांबरी रस्ता, सिग्नल, समोर दुकानं. मूळ देऊळ १८५४ च्या भूकंपात पडलं, आत्ताचं मुख्य मंदिर १८६६ चं. म्हणजे हिरोशिगेनं चित्र काढलं तेव्हाचं देऊळ आज नाही. आवारात बाराशे वर्षांचा समजला जाणारा मोकुसेइ नावाचा एक वृक्ष आहे, शरदात बारीक फुलं येतात आणि वास रस्त्यापर्यंत येतो.

या गावाची खरी ओळख पाणी. फुजीवरचं बर्फ आणि पाऊस लाव्हाच्या खडकातून झिरपत येऊन इथं झऱ्यांनी बाहेर पडतो. गेम्बेइ नावाची छोटी नदी घरांच्या मधून वाहते, पाण्यात पायऱ्यांसारखे दगड मांडलेत, त्यावरून लोक चालतात. तळ दिसतो इतकं स्वच्छ. त्याच पाण्यात ईल मासे ठेवून मग रांधतात. मिशिमाचा ईल म्हणजे आपल्याकडे मालवणचा सुरमई म्हणावा तसा.

मी मुद्दाम एकदा नोव्हेंबरात मुक्काम करून पहाटे पाचला तोरिईसमोर जाऊन उभा राहिलो. धुकं नव्हतं. अगदी लख्ख थंडी. वर्तमानपत्रवाला मोपेडवरून गेला. मी हिरमुसलो, आणि मग रस्त्याच्या दिव्याच्या पलीकडे बघितलं तेव्हा तोरिई काळी नव्हती, निळसर होती. आभाळापेक्षा एक छटा गडद, एवढंच. त्या चित्रातला रंग तो तिथं होता.

---

ओलीवाट

फुजीचासावली, अंगावर काटा आला वाचून. तो निळसर रंग माझ्या प्रतीतही आहे. ठसेकार, हा निळा कुठला?

---

ठसेकार

मालिकेत ठिकठिकाणी प्रशियन निळा आहे. जपानीत ‘बेरो-आइ’, म्हणजे बर्लिनची नीळ. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला बर्लिनमध्ये बनलेला कृत्रिम रंग. जपानात तो १८३० च्या आसपास स्वस्त झाला आणि छाप्यांमध्ये एकदम आला. आधीची फुलापानांची निळी उन्हानं उडायची, आणि बोकाशीत इतकी दूरवर ताणता यायची नाही. हा रंग अगदी पातळ केला तरी निळाच राहतो, मळत नाही. हिरोशिगेच्या नशिबानं तो योग्य वेळी आला.

---

अक्षयवट

आणि छापणाऱ्याच्या नशिबानं :)

---

ठसेकार

मान्य!

---

पानगळ

एक प्रश्न. हिरोशिगे स्वतः या रस्त्यानं गेला होता का? मी वाचलं होतं की १८३२ मध्ये शोगुनाकडून (तेव्हाच्या लष्करी सत्ताधीशाकडून) सम्राटाला घोडे भेट द्यायला निघालेल्या लवाजम्यात तो होता.

---

निळावंती

ती गोष्ट सगळीकडे सांगतात, पण बऱ्याच अभ्यासकांना ती पटत नाही. मालिकेतली काही चित्रं आधीच्या सचित्र प्रवासपुस्तकांवरून उचललेली दिसतात. आणि ‘कानबारा – रात्रीचं बर्फ’ हे याच मालिकेतलं प्रसिद्ध चित्र घ्या. सगळं गाव बर्फात बुडालेलं, आणि प्रत्यक्षात कानबारा समुद्रकाठचं उबदार गाव. तिथं तसं बर्फ पडतच नाही.

हिरोशिगे एदोतल्या अग्निशमन दलाच्या कुटुंबातला. १७९७ चा जन्म. १८०९ मध्ये आई-वडील दोघेही गेले आणि बारा वर्षांच्या मुलावर वडिलांची नोकरी आली. नोकरी सांभाळत चित्रकला शिकला. एवढा प्रवास त्यानं केला असेल-नसेल.

---

पानगळ

मग हे मिशिमाचं धुकंही घरी बसून काढलेलं? जरा खट्टू झाले.

---

रात्रपाळी

पानगळताई, मला उलट बरं वाटलं. त्यानं मिशिमा पाहिलं नसेल, पण पहाट पाहिलीच असणार. आगीच्या चौकीतली नोकरी! रात्र जागून काढलेल्या माणसाला पहाट कशी असते ते कुणी शिकवायला नको.

---

फुजीचासावली

याला माझ्याकडून शंभर वेळा अनुमोदन.

---

वेरूळवासी

विषयाला धरूनच थोडं पुढं जातो. संभाजीनगरचा असल्यामुळे राहवत नाही. योशिदा हिरोशी (१८७६-१९५०) हा पुढच्या पिढीचा छापचित्रकार. तो १९३०-३१ मध्ये भारतात आला होता आणि परत गेल्यावर त्यानं भारताची छापचित्रं केली. त्यात वाराणसी, उदयपूर, कांचनगंगा आहे, आणि आपलं अजिंठा आणि वेरूळही आहे! ताजमहालाची तर अनेक चित्रं, त्यातलं एक ‘सकाळच्या धुक्यात ताजमहाल’.

याच माणसाची १९२६ ची ‘शिडाची जहाजं’ जरूर बघा. समुद्रावर शिडाच्या होड्या. तेच चित्र सकाळ, दुपार, धुकं, संध्याकाळ, रात्र असं वेगवेगळ्या रंगांत छापलेलं. धुक्याची प्रत आणि सकाळची प्रत शेजारी शेजारी ठेवली की ठसेकार म्हणतात ते डोळ्यांनी दिसतं. लाकूड तेच, धुकं हातातलं. आणि अक्षयवट यांच्या वादालाही यात उत्तर आहे. योशिदानं स्वतःचं दुकान मांडलं, छापण्यावर स्वतः देखरेख ठेवली आणि त्या प्रतींवर ‘जिझुरी’, म्हणजे ‘स्वतः छापलेलं’, असा शिक्का मारला.

---

अक्षयवट

वेरूळवासी, हा शिक्का माहीत नव्हता. म्हणजे ‘हात कुणाचा’ हा प्रश्न जपान्यांनाही पडला होता तर. मनापासून आभार.

---

सोनचाफा

मला मात्र छापचित्रकार कावासे हासुइ सगळ्यात जवळचा. त्याचीही पहाट, बर्फ, पाऊस. १९२३ च्या भूकंपाच्या आगीत त्याच्या स्केचबुकांचा ढीग जळाला, प्रकाशक वातानाबेचे ठसेही जळाले. त्यानंतर तो पुन्हा रस्त्याला लागला आणि नव्यानं सगळं काढलं. त्याच्या चित्रात बहुतेक वेळा एकटाच माणूस असतो, छत्री घेऊन, पाठमोरा. हिरोशिगेच्या पहाटेत मात्र माणसं सोबतीनं असतात, न बोलता का होईना.

---

चिमणचारा

सोनचाफा, हे वाक्य मी लेकीला वाचून दाखवलं. ती म्हणते घोडा पण सोबत आहे, त्याला मोजा.

---

घरचाअभ्यास

व्यावहारिक प्रश्न: असा छापा घरात लावायचा तर काय काळजी घ्यावी? आम्ही रत्नागिरीला, भिंतींना ओल.

---

ठसेकार

थेट ऊन पडेल अशा भिंतीवर नको, रंग उडतात. काच कागदाला टेकू देऊ नका, मध्ये माउंटची चौकट हवी, नाहीतर ओल धरून कागद काचेला चिकटतो. मागं पुठ्ठा आम्लरहित. रत्नागिरीत बाहेरच्या भिंतीवर तर अजिबात नको, आतल्या दोन खोल्यांमधल्या भिंतीवर लावा. पावसाळ्यात महिन्यातून एकदा खाली काढून मागून बघा. डिंकाची चिकटपट्टी चित्राला कधीही लावू नका, अगदी मागूनसुद्धा.

---

ओलीवाट

सगळ्यांची मी किती ऋणी आहे सांगू शकत नाही. काल संध्याकाळी हा अख्खा धागा अण्णांना वाचून दाखवला. रात्रपाळी यांचं ‘आधी माणसं बघा’ त्यांना पटलं, पण ठसेकारांचं ‘कडा शोधा’ म्हटल्यावर ते उठले आणि पिशवीतून डोळ्याला लावायचं भिंग काढलं. घड्याळजीचं, काळं, भुवईत अडकवायचं. ते अजून सोबत घेऊन फिरतात हे मला माहीत नव्हतं.

चौकट खाली काढली, टेबलावर ठेवली, बाजूनं टॉर्च तिरपा धरला. पाऊण तास. आधी घोडेवाल्याच्या टोपीवर थांबले. “ही रेघ बघ, पातीसारखी आहे, मध्ये जाड, टोकाला केस. कोरून काढलीय ही? लाकडात?” मग तोरिईवर गेले. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, “हिला कड आहे, पण रेघ नाही. आणि आत लाकडाच्या शिरा उमटल्यात.” मी बघितलं. खरंच, त्या राखाडी खांबात बारीक शिरा. आठ महिने रोज बघतेय आणि कधी दिसल्या नव्हत्या.

नंतर त्यांनी एक प्रश्न विचारला, तो तुमच्यासमोर ठेवते. मागच्या त्या सावलीतल्या वाटसरूंवर बोट न टेकवता बोट धरून: “ही माणसं येतायत की जातायत?”

मला आजवर ती जाताना वाटायची. आता सांगता येईना.

---

कोकणकडा

मला जातानाच वाटतात. डोलीच्या पुढं निघालेली.

---

रात्रपाळी

मला येताना. पहाटे बसथांब्यावर उभं राहिलं की समोरून अशीच माणसं येतात. आधी आकार, मग चाल ओळखू येते, मग चेहरा.

---

फुजीचासावली

रविवारी तिथं परत जाणार आहे. रस्ता दोन्ही बाजूंना जातो, एवढं आत्ता सांगू शकतो.

---

ठसेकार

अण्णांना माझा नमस्कार सांगा. लाकडाच्या शिरा बघणारा माणूस क्वचित भेटतो. आपल्याला त्या दिसतात कारण जपानी ठसा झाडाच्या उभ्या कापाच्या फळीवर कोरतात. रंग पातळ ठेवून बारेन नेमका दाबला तरच शिरा उमटतात, रंग दाट झाला की बुजतात.

आणि प्रश्नाबद्दल. चेहरा की पाठ, हे सांगायला आत रेघ लागते. नाकाची, गाठोड्याच्या दोरीची, कमरपट्ट्याच्या गाठीची. मुख्य ठशात या माणसांना एकही रेघ नाही. कोरणाऱ्याकडे फक्त बाहेरचा आकार आला आणि त्यानं तो तेवढाच ठेवला. मी माझी प्रत काढून बसलोय, एक तास झाला. दोघा-तिघांच्या टोपीच्या कलावरून पाठमोरे म्हणावेसे वाटतात, पण खात्रीनं बोट ठेवता येत नाही.

---

ओलीवाट

अण्णांना वाचून दाखवलं. त्यांनी परतीचं तिकीट दोन दिवस पुढं ढकललंय. म्हणतात, टॉर्चमध्ये बघून झालं, आता पहाटे साडेपाचला दिवा न लावता बघायचंय. चौकट परत भिंतीवर लावली आहे आणि भिंग टेबलावरच आहे.